ऐकताना चार्जर बंद

पौष लागला की मी घरातले चार्जर उपटत सुटतो. सुनेच्या फोनचा, नातवाच्या फोनचा, मुलाच्या लॅपटॉपचा, आणि परवा तर दात घासायच्या ब्रशचासुद्धा, कारण हल्ली त्यालाही चार्जर असतो. सकाळी सहाला मंडळी साखरझोपेत असतात, तेव्हा मी भिंतीभिंतीने फिरतो आणि जिथे बारीक दिवा दिसेल तिथली पिन ओढतो. सात वाजता आरडाओरडा होतो. "बाबा, पुन्हा? अहो, माझा फोन निम्मासुद्धा भरलेला नाही!" हा आवाज मेघनाचा, म्हणजे माझ्या सुनेचा. बोलायला फटकळ, मनाने चांगली. चहाचा कप माझ्यापुढे ठेवत ती विचारते, "सापडला का चोर?" मी म्हणतो, "शोध चालू आहे." ती हसते. मी हसत नाही.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी माझ्या कानांत यंत्रं बसवली. ज्या कानांच्या जिवावर आयुष्यभर भाकरी खाल्ली, त्यांनीच सगळ्यांत आधी राजीनामा दिला. यंत्र गुणी आहे, पण काही चार्जरांजवळ गेलं की त्यात एक बारीक चिरचिर उमटते. ती फक्त मला ऐकू येते. उन्हाळ्यात, पावसाळ्यात मी ती चालवून घेतो. थंडी पडली, खिडकीच्या काचेवर दव धरलं, की मात्र ती मला बसू देत नाही. वर्तमानपत्र घेऊन बसलो तर एकच बातमी तीनदा वाचतो. गॅलरीत जातो, परत येतो, पुन्हा जातो.

आमचं घर थेरगावात, सातव्या मजल्यावर. खाली रस्ता, त्यावर गाड्या, पलीकडे अशाच इमारती. बिल्डरने जाहिरातीत या जागेला 'निसर्गाच्या कुशीत' म्हटलं होतं. निसर्ग कुठे गेला ते तोच जाणे. मला या इमारतीखाली काय होतं ते ठाऊक आहे. जोंधळा होता. आणि त्या जोंधळ्याच्या बांधावर एका सकाळी मी सायकल धरून उभा होतो, कानांवर हेडफोन लावून.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर मी जळगावकडून इथे आलो तो ऐकण्याच्या नोकरीवर. माझ्याबरोबरची पोरं पिंपरीच्या कारखान्यांत लेथवर उभी राहायची, शिफ्ट आणि ओव्हरटाइमच्या गोष्टी करायची. मला कुणी विचारलं, तू काय करतोस, तर मी सांगायचो, ऐकतो. समोरच्याला वाटायचं, टिंगल करतोय. पण खरंच तेवढंच काम होतं. हवेतून जाणाऱ्या बिनतारी संदेशांवर कान ठेवायचा, कोणता कुणाचा ते ओळखायचं, आणि त्यांच्यात कुणी खोडा घालत असेल तर तो खोडा शोधून काढायचा. खात्याने त्यासाठी शेतांच्या मधोमध एक कौलारू घर भाड्याने घेतलं होतं. त्याला आम्ही 'ठाणं' म्हणायचो. ठाण्यात माणसं तीन. आमचे साहेब कारखानीस, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले, जीप स्वतः चालवणारे. मी, म्हणजे सोनवणे, अजून कायम न झालेला. आणि शिपाई गेनूमामा, निघोज्याचा, जो आठवड्याला एकदा सायकल मारत गावी जायचा आणि येताना पिशवीभर शेंगा नाहीतर हरभऱ्याचे डहाळे घेऊन यायचा.

ऐकण्याची एक चटक असते. महिनाभरातच मला ती लागली. तार खडखडवणाऱ्याचा हात ओळखू यायला लागला. अमका घाईत असतो, तमका शेवटची टकटक उगाच लांबवतो. दूरच्या समुद्रातलं एक जहाज रोज दुपारी बोलायचं, आणि त्यावरचा माणूस बदलला की मला आधी कळायचं. आवाजांनाही गाव असतं. वेल्डिंगचा आवाज फाटक्या कापडाचा. स्कूटरचा प्लग टिकटिक करत येतो आणि टिकटिक करतच जातो. पिठाच्या गिरणीची मोटर चालू होताना घसा खाकरते. पहाटेच्या दवाने विजेच्या खांबावरच्या चिनी मातीच्या वाट्या ओल्या झाल्या की त्या तळणासारख्या चुरचुरतात, आणि ऊन चढलं की गप्प होतात. मी कुणाशी बोलत असलो तरी माझा अर्धा कान हे सगळं निवडत बसायचा. चैन कशी ती नव्हतीच. पण त्या वयात मला ती हुशारी वाटायची.

त्या हिवाळ्यात तक्रारी यायला लागल्या. काळेवाडीपासून थेरगावापर्यंत सकाळी आठनंतर रेडिओवर काही लागेनासं झालं. बातम्या नाहीत, बाजारभाव नाहीत, नुसती अखंड चिरचिर. लोक रेडिओसाठी लायसन काढत होते, चिडणारच. एका पत्रात लिहिलं होतं, 'आमच्या रेडिओत रातकिडा शिरला असून तो दिवसा ओरडतो.' आम्ही ते पत्र मोठ्याने वाचून हसलो. मग पोलिसांच्या बिनतारी संचावरही तीच चिरचिर यायला लागली आणि हसणं थांबलं. साहेबांना वरून फोन आला. फोन ठेवून ते म्हणाले, "सोनवणे, हा रातकिडा आठ दिवसांत धरायचा."

आमच्याकडे ऐकण्याचा संच एकच होता. जीप बाहेर निघाली की तो जीपमध्ये. बॅटऱ्या मात्र दोन. एक संचाबरोबर जायची, दुसरी ठाण्याच्या मागच्या खोलीत चार्जरला लागायची. संच परत आला की चार्जर बंद व्हायचा, कारण भिंतीवर साहेबांच्या ठसठशीत अक्षरात पाटी होती: 'ऐकताना चार्जर बंद ठेवावा.' गेनूमामाला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण ही पाटी त्याला तोंडपाठ होती. सकाळी आठला जीप फाटकातून बाहेर पडली की तो चार्जर लावायचा. परतताना साहेब कोपऱ्यावर हॉर्न द्यायचे, की हा धावत जाऊन बंद करायचा. एकदाही चुकला नाही. पाटीबद्दल त्याला कुणी विचारलं तर तो म्हणायचा, "संचाला तरास व्हतो म्हनून हाय ती." बरोबर होतं. संचाला त्रास व्हायचा.

आमचं मुख्य हत्यार म्हणजे एक लाकडी चौकट. खिडकीच्या चौकटीएवढी, तिला तांब्याची तार गुंडाळलेली. ती हातात धरून सावकाश फिरवायची. फिरवता फिरवता एका ठिकाणी आवाज मरतो. मेला, की चौकट कशी उभी आहे ते बघून नकाशावर रेष मारायची. आवाज त्या रेषेवर कुठेतरी असतो. पण रेषेला टोकं दोन. आवाज पुढे आहे की पाठीमागे, हे चौकट सांगत नाही. त्यासाठी बाजूला जाऊन, वेगळ्या जागेवरून दुसरी रेष मारावी लागते. दोन रेषा जिथे एकमेकींना कापतात तिथे चोर. हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. बाजूला जा, हे महत्त्वाचं.

आम्ही बाजूला गेलो नाही. ठाण्यापासून काळेवाडीकडे जाणारा रस्ता सरळ होता आणि दोन्ही अंगांना डोक्यापेक्षा उंच जोंधळा उभा होता. जीप शेतात घालता येत नव्हती. साहेबांना थंडीत गुडघे धरायचे, ते पायी उतरायला तयार नव्हते. म्हणून आम्ही रस्त्यावरच तीन जागी थांबलो आणि तीन रेषा मारल्या. तिन्ही रस्त्याच्याच रेषेत पडल्या. पुढे तरी किंवा मागे तरी. मागे आमचं ठाणं होतं, म्हणून आम्ही पुढे गेलो. विजेच्या तारा रस्त्याकडेनेच जात होत्या आणि चिरचिर त्या तारांवरून वाहत येत होती, त्यामुळे दर खांबापाशी ती मोठी ऐकू यायची. आम्हाला वाटायचं, जवळ आलो.

रस्त्याच्या शेवटी काळेवाडीत लतीफभाईंचं पत्र्याचं वर्कशॉप होतं. वर्कशॉप कसलं, एक खोली. कारखान्यांच्या सुट्या भागांसाठी ते प्लॅस्टिकच्या पिशव्या करून द्यायचे. ते आणि त्यांची बायको हमीदाभाभी, बस्स. मधोमध एक जुनं, मुंबईहून आणलेलं यंत्र, प्लॅस्टिकचे दोन पापुद्रे दाबून बिनतारी लहरींनीच तापवून चिकटवणारं. साहेबांनी ते दारातून पाहिलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली. असं यंत्र म्हणजे एका परीने छोटं रेडिओ स्टेशनच.

लतीफभाईंनी आम्हाला स्टूल दिलं, स्वतः उभे राहिले. त्यांच्या हातात प्लॅस्टिकचा एक तुकडा होता आणि अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये तो ते नुसते चोळत होते. "हा दोनशे गेज जाडीचा म्हणून दिलाय मला व्यापाऱ्याने," ते म्हणाले. "दीडशेच्या वर नाही. बघा हात लावून." मी हात लावला. मला प्लॅस्टिक लागलं. हमीदाभाभी कोपऱ्यातून म्हणाल्या, "त्यांच्या बोटांना डोळे आहेत, भाऊ. मोजायची पट्टीसुद्धा खोटी ठरवतात." मला तो माणूस एकदम ओळखीचा वाटला. माझे कान होते, त्यांची बोटं होती.

साहेबांनी यंत्र बंद करायला सांगितलं. लतीफभाईंनी बटण बंद केलं. जीपमधल्या संचातली चिरचिर विझली.

"झालं तर मग," साहेब म्हणाले.

पण मी संचाजवळ उभा होतो आणि मला बॅटरीचा काटा दिसत होता. तो खाली पडला होता. सकाळपासून चाललेली बॅटरी नेमकी त्याच वेळी बसली होती, आणि बॅटरी बसली की सगळेच आवाज विझतात. शिवाय लतीफभाईंचं यंत्र पाय दाबला की घूं करायचं आणि पाय उचलला की थांबायचं. आमची चिरचिर तर तासन्‌तास न थांबणारी. हे दोन आवाज म्हणजे बैल आणि रातकिडा. मला कळलं होतं. निदान कळायला लागलं होतं.

"साहेब, परत चालू करून दाखवू का?" लतीफभाईंनी विचारलं. "एकदा ऐकून तर घ्या. मी शटर उघडतो दहाला. तुमची खरखर म्हणे आठला येते."

"सगळे असंच म्हणतात," साहेब म्हणाले. त्यांनी लाखेची कांडी आधीच बाहेर काढली होती. "सोनवणे, सील लाव."

मी यंत्राच्या प्लगला सुतळी गुंडाळली. मेणबत्ती हमीदाभाभींनीच आणून दिली. लाख वितळली, सुतळीच्या गाठीवर पडली, मी पितळी शिक्का दाबला. काट्याबद्दल बोललो नाही. माझ्या कायम होण्याचे कागद वर गेले होते आणि त्यावर साहेबांचा शेरा यायचा होता. लतीफभाई म्हणाले, "कंपनीचा माल द्यायचाय हो, पंधरा दिवसांत." ते माझ्याकडे बघून म्हणाले, कारण शिक्का माझ्या हातात होता.

मेघना मला म्हणते, तुम्ही जुन्या गोष्टी फार उगाळता. खरं आहे. पण उगाळल्याशिवाय चंदनसुद्धा वास देत नाही, आणि काही गोष्टी चंदन नसतात तरी उगाळाव्या लागतात. परवा मी तिला विचारलं, "तुझा चार्जर आवाज करतो हे तुला माहीत आहे का?" ती म्हणाली, "मला नाही येत ऐकू." मी म्हटलं, "तेच तर." तिने माझ्याकडे असं पाहिलं की डॉक्टरांची वेळ घ्यावी की काय.

सील लावल्यावर जीप ब्रेकच्या कामाला गॅरेजात गेली. दोन दिवस संच ठाण्यात, आणि ठाण्यात संच म्हणजे चार्जर बंद. दोन दिवस तक्रार नाही. साहेबांनी टेबलावर टिचकी मारली. तिसऱ्या दिवशी साहेब पुण्याला गेले आणि मला बसवेना. कान नुसता वळवळत होता. मी संच आणि बॅटरी सायकलच्या कॅरियरला बांधली, चौकट खांद्याला अडकवली आणि निघालो. मागे गेनूमामाने नेमाप्रमाणे आपलं काम केलं असणार. संच फाटकाबाहेर पडला होता.

रस्त्यावर पहिल्याच खांबापाशी हेडफोन लावले. चिरचिर होती. तीच. मी तिथे किती वेळ उभा राहिलो कोण जाणे. पायांतून थंडी वर चढत होती, आणि ती सगळीच हवेतली नव्हती.

मग मी रस्ता सोडला. बांधावरून सायकल ढकलत जोंधळ्यात शिरलो. दाणा भरून आला होता, कणसं जड होऊन वाकली होती, दवाने सदरा भिजला. माळ्यावर एक बाई गोफण घेऊन पाखरं राखत बसली होती. माझ्या खांद्यावरची चौकट पाहून ती ओरडली, "पान्याची जागा बगायला आलाय व्हय?"

"नाही मावशी. आवाज हुडकतोय."

"आवाज कुटं हुडकायचा आसतोय? त्यो येतोच की चालत."

मी बांधाच्या टोकाला गेलो, तारांपासून लांब, आणि चौकट फिरवली. आवाज मेला. मी रेषेकडे पाहिलं. ती रस्त्याच्या रेषेत नव्हती आता. तिचं एक टोक मोकळ्या नदीकडे जात होतं, जिथे पाण्याशिवाय काही नव्हतं. दुसरं टोक जोंधळ्याच्या तुऱ्यांवरून सरळ जाऊन आमच्या कौलांवर टेकत होतं. मी पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. काखेत कळसा म्हणतात तो हाच, फक्त आमचा कळसा कोकलत होता.

मी हेडफोन काढले नाहीत. सायकल ढकलत ठाण्याकडे निघालो आणि आवाज वाढत गेला. फाटकात तो इतका झाला की कानठळ्या बसाव्यात. सायकलला हॉर्न नव्हता, त्यामुळे कुणी धावत जाऊन काही बंद केलं नाही. मागच्या खोलीचं दार मी ढकललं. चार्जरच्या आत धातूची एक पत्ती थरथरत होती, झिजलेली, काळी पडलेली, आणि दर थरथरीला तिच्यातून एक बारीक निळी ठिणगी उडत होती. शेजारी पोत्यावर गेनूमामा हरभऱ्याचे घाटे सोलत बसला होता. मला पाहून ताडकन उठला. "सायेब! हारन न्हाई वाजला!" असं म्हणून त्याने झडप घालून चार्जर बंद केला.

माझ्या कानांत शांतता पडली.

भिंतीवर पाटी होती. आम्हाला माहीत होतं ना, की चार्जर आवाज करतो? पक्कं माहीत होतं. म्हणूनच तर पाटी लावली होती. आपल्याला ऐकायचं असेल तेव्हा तो बंद ठेवायचा, एवढं आम्ही काटेकोर पाळत होतो. आपण ऐकत नसतो तेव्हाही कुणीतरी ऐकत असतं, हे तीन माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. आणि त्यातली दोन तर पगारी ऐकणारी होती.

"काय झालं, सायेब?" गेनूमामाने विचारलं. मी त्याला सांगितलं. रातकिडा इथे आहे म्हणून. तो पोत्यावर बसला. सोललेले घाटे बाजूला सारत म्हणाला, "मंग त्या लतीफभाईचं?"

मी पॉलिश पेपर आणला, पत्ती घासून चकचकीत केली, तिला ठिणगी शोषून घेणारा एक कंडेन्सर जोडला. संच लावून ऐकलं. चिरचिर गेली होती. तास-दीड तासाचं काम.

इथपर्यंतची गोष्ट मी लोकांना सांगतो. खात्यातल्या निरोपसमारंभातही सांगितली, खूप हशा पिकला. इथून पुढची सांगत नाही.

तक्रारी थांबल्या. साहेबांनी वर कळवलं की सील लावल्यामुळे उपद्रव बंद झाला, आणि त्यात माझं नाव घातलं, तीक्ष्ण श्रवणशक्तीचा कर्मचारी म्हणून. ते पत्र त्यांनी मला वाचून दाखवलं. "आता तुझं काम झालंच समज," ते म्हणाले. त्यांना चार्जरचं माहीत नव्हतं. मी सांगितलं असतं तर तो शेरा गेला असता, त्यांचं नाक कापलं गेलं असतं, आणि कायम होणं किती लांबलं असतं देव जाणे. उद्या सांगू, असं मी रोज ठरवलं. असे सतरा दिवस गेले. रोज सकाळी गेनूमामा चार्जर लावताना माझ्याकडे एकदा बघायचा आणि मी खिडकीबाहेर बघायचो.

त्या दिवसांत मी एकदा काळेवाडीत गेलो. सांगायलाच गेलो होतो. दारात थांबलो. यंत्र कोपऱ्यात होतं, माझं सील जसंच्या तसं. लतीफभाईंनी त्याला नखसुद्धा लावलं नव्हतं. मागल्या दाराने दुसरा प्लग जोडून चालवता आलं असतं, पण तो माणूस तसला नव्हता. जमिनीवर मेणबत्त्या पेटवल्या होत्या. हमीदाभाभी प्लॅस्टिकची कड दोन जुन्या करवतीच्या पात्यांमध्ये धरायच्या, लतीफभाई ती ज्योतीवरून ओढायचे आणि वितळलेली कड गरम असतानाच अंगठा आणि तर्जनीने दाबत जायचे. एक पिशवी. मग दुसरी. खोलीत जळक्या प्लॅस्टिकचा वास कोंडला होता. त्यांनी मला पाहिलं आणि बोटं फुंकत म्हणाले, "या सोनवणेसाहेब. बघा, तुमच्या रेडिओला याचा तर तरास नाही ना?" टोमणा नव्हता. खरंच विचारत होते.

मी म्हटलं, नाही. चहा प्यायलो. परत आलो. मला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती, आणि तरी मी परत आलो.

अठराव्या दिवशी सकाळी टपालाने कायम झाल्याचा हुकूम आला. त्याच दुपारी मी नोंदवही उघडली आणि सगळं लिहिलं. तिची पानं नंबरी होती, फाडता येत नसत. बांधावरून घेतलेली रेष, चार्जर, पत्ती, आमची चूक. खाली सही. तारीख त्या दिवशीची. हुकूम खिशात असताना माणूस किती खरं बोलतो!

कारखानीस साहेबांनी ते पान दोनदा वाचलं. चष्मा काढला, पुसला. "हे तुला आज कळलं?" त्यांनी विचारलं.

"काल," मी म्हणालो.

टपाल त्यांनीही पाहिलं होतं. "सील काढून ये," ते म्हणाले. "माफी दोघांच्याही वतीने माग. मला गुडघ्यांमुळे जमायचं नाही." गुडघ्यांचं ते खोटं होतं, पण त्या दिवशी कुणी कुणाला हटकण्यासारखं नव्हतं.

मी गेनूमामाला घेऊन काळेवाडीत गेलो. सुतळी कापली. लतीफभाईंना सांगितलं की तुमचं यंत्र निर्दोष होतं, आवाज आमच्याच घरातला होता. ते ऐकून हमीदाभाभी पदराने डोळे पुसायला लागल्या. मुदतीत निम्माच माल गेला होता. कंपनीने काम दुसऱ्याला दिलं होतं. आदल्याच दिवशी तसा निरोप आला होता.

लतीफभाई रागावले नाहीत. रागावले असते तर मला आज चार्जर उपटत फिरावं लागलं नसतं. त्यांनी एकच विचारलं, "कधी कळलं, साहेब, तुम्हाला?"

"काल," मी पुन्हा म्हणालो.

"मग काय इलाज," ते म्हणाले. "कळल्याबरोबर आलात, हे काय कमी आहे? नाहीतर कोण येतंय." त्यांनी यंत्र चालू करायला घेतलं. प्लॅस्टिकचा एक तुकडा उचलला आणि सवयीने अंगठ्यात आणि तर्जनीत धरून चोळला. थांबले. पुन्हा चोळला. दोन्ही बोटांची टोकं भाजून, निबर होऊन पांढरी पडली होती. मग त्यांनी तो तुकडा बायकोकडे सरकवला. "हमीदा, बघ जरा," ते म्हणाले, "किती गेजचा आहे हा?"

परतताना गेनूमामा माझ्या सायकलच्या मागे मागे सायकल चालवत होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांचा जोंधळा काढून झाला होता. पेंढ्या बांधून उभ्या केल्या होत्या, माळा रिकामा होता, आणि आता रस्त्यावरून आमचं ठाणं, त्याची कौलं, मागच्या खोलीची खिडकी, सगळं लख्ख दिसत होतं. तो मग माझ्या बरोबरीला आला आणि रानाकडे बघत म्हणाला, "सायेब, तवा जोंधळा उभा व्हता."

एवढंच. पुन्हा त्याने तो विषय कधी काढला नाही. पुढे तो निवृत्त झाला, निघोज्याला गेला, त्याच्या रानात कारखाना आला आणि मग गेनूमामाही वारला. लतीफभाईंचं वर्कशॉप आणखी काही वर्षं चाललं. प्लॅस्टिकची पारख हमीदाभाभी करायच्या, असं ऐकलं. मी बढत्या घेत गेलो. लोक मला तीक्ष्ण कानांचा माणूस म्हणत राहिले.

आज सकाळीही मी सगळे चार्जर उपटले. काचेवर दव होतं. खाली जोंधळा नाही, कौलं नाहीत, काळेवाडीत ती पत्र्याची खोलीही नाही. मेघना चहा घेऊन आली आणि म्हणाली, "काय हो बाबा, सापडला का चोर?" आज मी तिला म्हटलं, "बस जरा." आणि तिला सगळं सांगितलं, निरोपसमारंभात सांगितलं होतं त्याच्या पुढचं. ती ऐकत राहिली, चहा गार होईपर्यंत. शेवटी तिने विचारलं, "मग त्यांना कधी सांगितलंच नाहीत?"

नाही. म्हणून इथे लिहितो. काल नव्हे, लतीफभाई. मला कळलं तेव्हा जोंधळा उभा होता.